करामाचा पत्ता

एकवीस वर्षं दुबईतल्या करामा भागात काढलेल्या माणसाला कुणी ‘कुठे राहता?’ विचारलं की त्याची मान आपोआप ताठ होते. माझी तर जरा जास्तच व्हायची. खाली भाजीवाला, पाच मिनिटांवर मेट्रो, कोपऱ्यावर मिसळ मिळणारं हॉटेल, आणि बिल्डिंगच्या तळघरात कुलूपबंद पार्किंगमध्ये माझी पांढरी पजेरो, दुबईच्या नंबरप्लेटसह. डोंबिवलीहून एक सुटकेस घेऊन आलेल्या दत्तप्रसाद तोरसकराला आणखी काय हवं? कुणी पाहुणा आला की आधी मी त्याला तळघरात नेऊन गाडी दाखवायचो, चहा नंतर.

मग मालकाने भाडं इतकं वाढवलं की लिफ्ट कंपनीतला माझ्यासारखा मॅनेजरसुद्धा पायऱ्यांवर बसला. गेल्या जानेवारीत आम्ही शारजाच्या रोल्ला भागात राहायला गेलो. फ्लॅट करामापेक्षा मोठा, लेकीला, मैथिलीला, स्वतंत्र खोली, बायकोला दोन बाल्कन्या. पण मला कुणी विचारलं की मी सांगायचो, “करामाच्या बाजूलाच.”

“बाजूला म्हणजे दुसऱ्या अमिरातीत!” विभावरी म्हणायची. “अहो, शारजाला राहतो म्हणायला तुमची जीभ का अडखळते? चोरी केली का आपण?”

चोरी नव्हती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा माझा हिशेब. आणि मूठ झाकायला हा देश फार सोयीचा. इथे पोस्टमन घरी येत नाही; सगळं टपाल कंपनीच्या पी.ओ. बॉक्समध्ये पडतं. माणूस घर बदलो, गाव बदलो, कागदावर तो जिथल्या तिथे. मी दारावरची पितळी पाटीसुद्धा सोबत नेली नाही. ‘तोरसकर’ लिहिलेली ती पाटी मी करामाच्या वॉचमनकडे, रामेश्वरकडे दिली आणि म्हणालो, “ठेव तुझ्या खोलीत. आपण परत येणार आहोत.” नवा पत्ता त्यालाही सांगितला नाही.

त्याआधी नोव्हेंबरमध्ये गाडीचा इन्शुरन्स रिन्यू केला तेव्हा फोनवरच्या मुलीने विचारलं होतं, रात्री गाडी कुठे असते? मी छाती काढून सांगितलं होतं: करामा, तळघर, कुलूप, वॉचमन. ते तेव्हा खरं होतं. तिने त्यावर हप्ता कमी करून दिला. पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं की राहता पत्ता किंवा गाडी ठेवायची जागा बदलली तर कळवावं. सामान हलवलं त्या आठवड्यात विभावरीने दोनदा आठवण केली.

“पी.ओ. बॉक्स बदलला का?” मी म्हणालो. “नाही ना? मग पत्ता कुठे बदलला?”

“तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,” ती म्हणाली आणि खोकी उघडायला गेली.

रोल्लाच्या घराला पार्किंग नाही. मागच्या मोकळ्या वाळूत सगळे गाड्या लावतात. पजेरो तिथे पहिल्यांदा लावली तेव्हा तिच्याकडे बघवेना मला.

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे वारा सुटला. तो नेहमीचा उत्तरेचा वारा, वाळू घेऊन येणारा. शेजारी बांधकाम चाललंय, त्याच्या कुंपणाचा एक पत्रा उडाला आणि माझ्या गाडीवर आपटला. सकाळी खाली गेलो तर बॉनेट मधोमध दबलेलं, ड्रायव्हरचं दार खरवडलेलं आणि पत्रा बाजूला वाळूत पडलेला. काच तेवढी वाचली होती.

इथे पोलिसांचा कागद असल्याशिवाय कुठलंही गॅरेज गाडीला हात लावत नाही, आणि त्या कागदावर जागा लिहिलेली असते. म्हणजे कागदावर येणार शारजा, रोल्ला, उघडी वाळू. आणि इन्शुरन्सकडे लिहिलेलं करामा, तळघर. मी तिथेच उभा राहून ऑफिसातल्या राजनला फोन लावला.

“अरे, सिंपल आहे,” राजन म्हणाला. “गाडी चालते ना? यल्ला, चल, करामाला घेऊन जा. जुन्या बिल्डिंगमध्ये लाव आणि तिथून पोलीस बोलव. रामेश्वर आहेच, तो सांगेल इथेच झालं म्हणून. काम खलास.”

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, अगदी लगेच पटलं.

गाडी बाहेर काढताना मैथिली धावत आली. एकोणीस वर्षांची, नुकतंच लायसन्स मिळालेलं. माझ्या आधी गाडीत बसणारी. “बाबा, व्हेअर आर यू गोइंग?” मी सांगितलं. ती सीटबेल्ट लावून गप्प बसली. पूल ओलांडला, दुबईची पाटी गेली, तरी गप्प. माझी मुलगी गप्प बसली की मला विभावरीच्या भांडणापेक्षा जास्त त्रास होतो.

“बोल की काहीतरी,” मी म्हणालो.

“यू ऑलवेज टोल्ड मी करामा मेड यू समबडी,” ती म्हणाली. “सो करामा कॅन अनमेक यू ऑल्सो?”

मी रेडिओ लावला.

रामेश्वर तळघराच्या तोंडाशीच भेटला. लातूरकडचा माणूस, चौदा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये वॉचमन. मला बघून त्याने बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. “साहेब! आलाव का परत?” मग गाडी पाहिली. “आरं देवा. हे कुणी केलं?”

मी त्याला सगळं सांगितलं. राजनने सांगितलेला उपायही सांगितला. तो ऐकत होता तेव्हा मी गाडीकडे बघत होतो, त्याच्याकडे नाही.

“हात्तिच्या, एवढंच ना?” रामेश्वर म्हणाला. “लावा तुमच्या जुन्या जागंवर, नवा भाडेकरू गावाला गेलाय. कॅमेरा दोन मिन्टं बंद करतो मी. पाइप पडला म्हणू का पिलरला घासली म्हणू, तुमी ठरवा. पोलिसापुढं मी हुबा ऱ्हातो.”

“कॅमेरा बंद केलेलं मॅनेजमेंटला कळलं तर?”

“कळलं तर कळलं. तुमच्यासाठी येवढं बी न्हाई करायचं?”

तो हे हसून म्हणाला, आणि मला एकदम सहा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची सोन्याची बांगडी हरवली होती. आळ रामेश्वरवर आला. मॅनेजमेंटच्या ऑफिसात त्याचा व्हिसा रद्द करायचा कागद टेबलावर ठेवलेला होता आणि हा भिंतीला टेकून उभा होता. मी त्या ऑफिसात घुसलो आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, “हा माणूस खोटं बोलत नाही. मी गॅरंटी देतो. खोटा निघाला तर आधी माझा फ्लॅट रिकामा करून घ्या.” तिसऱ्या दिवशी बांगडी बाईंच्याच सुटकेसमध्ये सापडली. तेव्हापासून हा मला बघून हात जोडतो.

एकवीस वर्षांत मी एकाच माणसाची हमी घेतली होती, आणि आज त्याच माणसाला, त्याच बिल्डिंगमध्ये, पोलिसापुढे खोटं बोलायला सांगत होतो. पकडला गेला असता तर ह्या वेळी गॅरंटी द्यायला कोण येणार होतं? मी? मला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

“कॅमेऱ्याला हात लावू नकोस,” मी ओरडलोच. राग माझा माझ्यावर होता, पण ओरडायला समोर तोच होता. “काही झालेलं नाही इथे. माझी गाडी इथे नसते. मी इथे राहत नाही.”

“मग कुठं ऱ्हाता साहेब?” रामेश्वरने बिचकत विचारलं. “दोन महिनं झालं, इचारीन इचारीन म्हणतोय.”

“शारजा,” मी म्हणालो. “रोल्ला. बागेच्या मागची पिवळी बिल्डिंग, सातवा मजला. गाडी वाळूत लावतो.”

तोंडातून निघालं आणि काहीच कोसळलं नाही. तळघर होतं तसंच होतं. मैथिलीने माझ्या हातातून किल्ली घेतली. “आय विल ड्राइव्ह,” ती म्हणाली आणि गाडी वळवली. फार छान वळवली. त्या अरुंद चढावर मला अजून धाकधूक होते.

वाळूत परत आल्यावर शारजाचे पोलीस बोलावले. उडालेला पत्रा अजून तिथेच पडला होता. तरुण पोलिसाने फोटो काढले आणि विचारलं, घर कुठे? मी सातव्या मजल्याची खिडकी बोट करून दाखवली. विभावरी तिथून खाली बघत होती.

मग इन्शुरन्सला फोन. अफशा नावाच्या मुलीने माझी फाइल उघडली. “सर, हमारे पास करामा लिखा है. आप कब शिफ्ट हुए?”

“जनवरी.”

“हमें बताया था?”

“नहीं बताया,” मी म्हणालो. “मेरी गलती है. लिख लीजिए.”

पलीकडे तिने ते टाइप केलं. मग हळू म्हणाली, “सर, ऐसे कोई बोलता नहीं है.”

दहा दिवसांनी उत्तर आलं. जागा बदलल्याचं कळवलं नव्हतं, म्हणून क्लेम नामंजूर. यापुढे पॉलिसी चालू ठेवायची तर रोल्लाच्या पत्त्यावर तीनशे दहा दिरहम जादा. “म्हणजे साडेसात हजार रुपये,” मी मोठ्याने म्हणालो. अल क्वोजच्या गॅरेजने दुरुस्तीचे शेहेचाळीसशे सांगितले. म्हणजे एक लाख दहा हजार. दोन्ही मी भरले. उन्हाळ्यातली गावची फेरी त्यात गेली.

मला वाटलं विभावरी आता बोलणार. ‘दोनदा सांगितलं होतं’ हे वाक्य तिच्या ओठावर मला दिसत होतं. पण तिने पॉलिसीचा नवा कागद हातात घेतला, त्यावरचा रोल्लाचा पत्ता वाचला आणि म्हणाली, “सुंभ जळाला आणि पीळही गेला म्हणायचा. मला वाटलं नव्हतं हो.” आणि साजूक तुपातला शिरा करायला उठली. एक लाख दहा हजाराचा शिरा. मी दोनदा घेतला.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि दुरुस्त झालेली गाडी वाळूत लावली. बिल्डिंगच्या दारात आमचा नवा वॉचमन कुणाला तरी अडवून उभा होता. पाठमोरा माणूस ओळखीचा वाटला. इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. रामेश्वर होता. आपल्या सुट्टीच्या दिवशी मेट्रो, मग बस, मग चालत, एवढ्या लांब आला होता.

“तोरसकर? नया आदमी है,” आमचा वॉचमन म्हणत होता. “हम पहचानता नहीं. कैसा आदमी है, क्या मालूम.”

मी हाक मारणार होतो. पण रामेश्वरने वर्तमानपत्र उलगडून माझी पितळी पाटी त्याच्यासमोर धरली. घासून घासून सोन्यासारखी केली होती ती.

“ये साहेब का नाम है,” तो त्याच्या लातुरी हिंदीत म्हणाला. “अच्छे से देख ले. ये आदमी झूठ नहीं बोलता. मैं गॅरंटी देता है.”