तीळ कुठल्या गालावर?

तुमचा चेहरा नेमका कसा आहे हे जाणून घ्यायचं झालं, तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? आरशावर, मोबाईलवर, की घरच्या माणसांवर? उत्तराची घाई नको. बसा निवांत. मी मोठ्या फोटोंचा प्रिंटर बोलतोय. भिंतभर म्हणा, दारभर म्हणा, फोटो छापण्यात माझं आयुष्य गेलं. याच प्रश्नावरून माझ्यासमोर दोन सख्ख्या बहिणींची अशी जुंपली होती की माझ्या पोटातला कागदसुद्धा अंग चोरून बसला.

जन्म माझा कारखान्यातला. तिथे शिकवलं एवढंच की मिळेल ते छाप. शहाणपण आलं ते दुकानात, गिऱ्हाइकं बघून बघून. आमचे मालक गोड बोलणारे, पण गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या तोंडाकडे न बघता आधी मोबाईलकडे बघणार. "कॅमेऱ्याची काच पुसता का कधी?" हीच त्यांची विचारपूस. काचेवर बोटांचा चिकटा तसाच, आणि फोटो धुरकट आला की दोष माझ्या शाईला!

माणसांची एक गंमत सांगतो. मोबाईलच्या पडद्यावर सगळेच राजबिंडे. तोच फोटो दाराएवढा करून मागतात, आणि नाकाच्या जागी चौकडीचं कापड दिसलं की डोळे माझ्यावर वटारतात. एका मामांनी तर फोटोऐवजी फोटोचा स्क्रीनशॉट पाठवला. मी पडलो इमानदार. मामांच्या कपाळावर 'बॅटरी संपत आली आहे' हेही छापून दिलं. मामींनी तो हौसेनं भिंतीवर लावला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांचा खरा फोटो आलाय."

तर त्या बहिणी. दोघी जुळ्या, दोघी शिवणकाम करणाऱ्या. एक थोडी आधी जन्मली म्हणून थोरली, दुसरी धाकटी. दिसायला हुबेहूब. फरक एकच, थोरलीचा तीळ उजव्या गालावर, धाकटीचा डाव्या. दोघींचं दुकान एकत्र. थोरली घट्ट शिवायची, धाकटी सैल. पण कपडा अंगात शिरेना की गिऱ्हाईक नेमकं धाकटीला फैलावर घ्यायचं, आणि घोळदार झाला की थोरलीला. दुसरीची बोलणी खाऊन खाऊन थोरली वैतागली. रस्त्यापलीकडे तिनं स्वतःचं दुकान घेतलं. उघडायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली.

"भाऊ, पाटीवर माझा चेहरा हवा. माझा! येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, ही मी, आणि समोरची ती."

फोटो तिनं स्वतःच काढला होता, मोबाईल तोंडासमोर धरून.

"सेल्फी आहे. चालेल?" मालकांनी विचारलं.

"चालेल काय, धावेल! अगदी मी आहे."

मी छापला. ती मिरवत घेऊन गेली.

थोड्या वेळानं दार धाडकन उघडलं. पाटी काखेत मारून धाकटी आत, मागोमाग थोरली.

"माझा फोटो हिच्या पाटीवर? कुणाला विचारून लावलात?"

"तुझा? डोळे तपासून घे! माझ्या हातानं काढलाय मी."

"मग तीळ डाव्या गालावर कसा गं? चालत गेला?"

मालकांनी पाटी बघितली, थोरलीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. सेल्फीच्या नादात मोबाईलनं आरशासारखा उलटा फोटो ठेवून दिला होता. उजवा गाल डावा झालेला! आणि थोरलीला चूक दिसणार तरी कशी? जन्मभर तिनं स्वतःला आरशातच बघितलेलं.

"सुलटा करून देतो," मालक म्हणाले, "पण मोबाईलनं चेहऱ्याला इस्त्री केलीय, ती कशी मोडू? नवाच काढू. मागच्या कॅमेऱ्यानं, खिडकीकडे तोंड करून. सुंदर करणारं बटण बंद. आणि झूम करायचा नाही, आपणच दोन पावलं पुढे यायचं."

मागचा कॅमेरा म्हणजे दुसरं माणूस आलं. मालकांचे हात माझ्या शाईनं बरबटलेले. त्यांनी मानेनंच धाकटीकडे खूण केली.

"मी? हिचा?"

"पाटी चुकली तर उद्यापासून यांची गिऱ्हाइकं भांडायला तुमच्या दारात. चालेल?"

"नको बाई! हिची बोलणी मी पुष्कळ खाल्लीत."

धाकटीनं बाहीनं काच पुसली. "हनुवटी खाली. अगं, एवढी ताठ कशाला? कपडे घट्ट ते घट्ट, तोंडही घट्टच!"

थोरली फिसकन हसली. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

मालकांनी हात पुसले, मोबाईल तारेनं जोडून मूळ फोटो घेतला; चॅटवरून पाठवला की फोटो वाटेतच वाळतो. मी जीव ओतून छापला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, कपाळावर आलेली बट, उजव्या गालावर ठसठशीत तीळ.

थोरलीचा चेहरा पडला. "ही मी नाही. तूही नाहीस. ही कुणी तिसरीच!"

"तिसरी कुठली? आरशात तुला रोज दिसते ना, ती माझ्यासारखी. ही खरी तू. मी जन्मापासून समोरून बघतेय तुला, ताई. हसलीस की अशीच दिसतेस."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? चांगली दिसावीस अशी माझी बिलकूल इच्छा नव्हती."

थोरलीनं नवी पाटी काखेत मारली. मग म्हणाली, "चल, शिडी धर." पण शिडीवर चढली धाकटीच, आणि पाटी सरळ लागली की नाही यावरून रस्त्यात पुन्हा दोघींचं वाजलं.

आता माझं वय झालंय. निळी शाई मध्येच अडखळते, रोलर कुरकुरतो, मालक पाठीवर थोपटतात तेव्हा कुठे हलतो. माझ्या जागी नवा येईल, तोही तुम्ही द्याल तेच छापेल. म्हणून जाता जाता एक विनंती. फोटो म्हणजे चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाचा हिशेब. तो चोख ठेवा. सुरकुती असेल तर मांडा, तीळ असेल तर ज्या गालावर आहे त्याच गालाच्या नावे मांडा, आणि पटला नाही तर खाडाखोड करण्याआधी तुम्हाला समोरून बघणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.