आनंदीबाई खाली उतरल्या

शेफालीने अंतर्गत सुरक्षा व्यवस्थापनाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा वर्ध्याहून बाबांचा फोन आला होता. "गेटवर उभं राहाले दोन वर्षं शिका लागते काय, बेटा?"

"गेटवर नाही हो बाबा. आग लागली, भूकंप झाला, चेंगराचेंगरी झाली, तर माणसं कशी वाचवायची ते शिकवतात."

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक इमारत रिकामी करण्याची तालीम घ्यायची होती. शेफालीने स्वतः भाड्याने राहत होती तीच इमारत निवडली. कोथरूडमधली जुनी सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही. सेक्रेटरी रंगराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी परवानगी दिली, पण आपल्या पद्धतीने.

"आग खरी लावणार नाही ना? आजकाल प्रॅक्टिकलवर फार भर असतो, म्हणून विचारलं."

रविवारी सकाळी भोंगा वाजला. लोक उतरले. कुणी चहाचा कप घेऊन, कुणी कुत्र्याला काखेत मारून. पार्किंगमध्ये गर्दी जमली. शेफालीच्या मार्गदर्शक राधा मॅडम कडेला उभ्या राहून सगळं पाहत होत्या. शेवटचं कुटुंब बाहेर आलं तशी शेफाली अभिमानाने ओरडली, "इमारत रिकामी!"

"मी आहे की गं!" वरून आवाज आला.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आनंदीबाई मटार सोलत बसल्या होत्या. खाली हशा पिकला. शेफालीचे कान तापले. राधा मॅडम मात्र हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी पुन्हा," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

शेफाली जिना चढून वर गेली. "आजी, भोंगा ऐकू नाही आला का?"

"मला आला. गुडघ्यांना नाही आला." आनंदीबाईंनी तिच्यापुढे शेंगांचं ताट सरकवलं. "गुडघे गेले तेव्हापासून मी खाली उतरलेलीच नाही. मुलगा बंगळूरला. भाजी, औषधं दारात येतात. मी आहे हे खालच्यांच्या लक्षात राहत नाही. तू नको वाईट वाटून घेऊस."

शेफालीला वाईट वाटलंच. तिच्या आराखड्यात जिने होते, दारं होती, गॅस सिलिंडरसुद्धा होते. फक्त सगळ्यांचे पाय चालतात असं तिने गृहीत धरलं होतं. ती मटार सोलता सोलता म्हणाली, "तुम्हाला खुर्चीत बसवून उतरवलं तर?"

"पाडाल."

"आधी ऋषीला बसवून दाखवते. माझ्या वर्गात आहे, तुमच्या दुप्पट वजनाचा."

मग रोज संध्याकाळी जिन्यात वरात निघू लागली. पट्ट्यांनी बांधलेला ऋषी खुर्चीत, आणि खुर्ची धरायला सोसायटीतली मंडळी. पहिल्या दिवशी तो वळणावर भिंतीला घासला, दुसऱ्या दिवशी घाबरून त्याने कठडाच पकडून ठेवला. रंगराव दारात उभे राहून टोमणे मारत होते. आठवड्याच्या मध्यावर त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सरका. बँकेत जन्मभर मागच्याच टेबलावर होतो, मागची बाजू माझी."

रविवारी भोंगा वाजला तेव्हा आनंदीबाई इरकली साडी नेसून, गजरा माळून खुर्चीत तयार होत्या.

शेफाली हसू दाबत म्हणाली, "आजी, खरी आग लागली तर इरकली नेसायला वेळ मिळणार नाही!"

"म्हणूनच आत्ता नेसले."

खुर्ची उचलली गेली. पहिल्या वळणावर त्यांनी डोळे घट्ट मिटले, दुसऱ्यावर उघडले, आणि खालच्या मजल्यावर येईपर्यंत त्या "सावकाश रे, रंगरावांना दम लागलाय," असं स्वतःच सांगू लागल्या. पार्किंगमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. शेफालीने या वेळी प्रत्येक मजल्यावरच्या माणसाला विचारून मगच सांगितलं, "इमारत रिकामी."

"आता झाली," राधा मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मनमोकळं हसल्या.

ऋषी खुर्ची वर न्यायला वाकला तसा आनंदीबाईंनी हात आडवा केला. "थांब. इतकी खाली आलेय, आता मला मेट्रोत बसायचंय."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"हे अभ्यासक्रमात बसतं का?" रंगरावांनी विचारलं.

"न बसायला काय झालं?" राधा मॅडम म्हणाल्या. "लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवणं हा पुढचा टप्पाच आहे."

दोन रिक्षा आल्या. स्टेशनवर लिफ्ट होती. गाडी झाडांच्या शेंड्यांवरून निघाली तशी आनंदीबाईंनी काचेला तळहात लावला आणि प्रत्येक गच्चीकडे, वाळत घातलेल्या प्रत्येक गोधडीकडे बोट दाखवत त्या लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. शेफाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

एकाएकी आनंदीबाई वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "शेफाली, पण इथे आग लागली तर काय करायचं गं?"

डब्यातल्या माना वळल्या. कुणीतरी कानातले इअरफोन काढले.

"ऐका हो," रंगराव म्हणाले, "एम.ए. बोलतायत."

शेफालीने खांब धरला, घसा साफ केला आणि दाराजवळच्या बटणाकडे बोट दाखवलं. "आधी हे दाबून चालकाशी बोलायचं. आणि आपल्या शेजारी कोण बसलंय, त्याला आधाराची गरज आहे का, ते आत्ताच बघून ठेवायचं."

अख्खा डबा आपल्या शेजाऱ्याकडे बघू लागला.