सरपणाचा हुकूम

टॅकेट आडनावाच्या यादीवरून नॅडीनचं बोट तिसऱ्यांदा खाली गेलं. रे, रीड, रोनाल्ड, रूबेन. रॉयस कुठेच नव्हता. वहीची पानं कडांना मऊ पडली होती आणि वही इतकी जड होती, की पान उलटायला दोन्ही हात लागत. १९९४ चं वर्ष. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वर्षही तिने पाहून घेतलं होतं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एखादा नमुना शंकास्पद निघाला, की ती त्याच्या शेजारचे दोन तपासत असे.

"सापडला का?" काउंटरमागून लोरीनने विचारलं. काउंटी न्यायालयाच्या दफ्तराची ती जुनी कारकून होती. एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत.

"नाही. संगणकातही नाही."

"त्याला काय विचारता? दोन हजार एकच्या आधीचं त्याला काही ठाऊक नाही, जन्मलाच नव्हता तो. घटस्फोट ना? दावा कुणी लावला होता?"

"नवऱ्यानं. म्हणजे, माझ्या नवऱ्यानं. तो तिचा होता तेव्हा."

लोरीन हसली नाही. "वही वादीच्या नावानं असते, बाई. ज्यानं दावा लावला त्याचं नाव. आठवड्याला एक तरी बाई येते इथे आणि पुरुषाचं नाव शोधत बसते. घरी जाऊन सगळे पुरुष एकच सांगतात, मीच सोडलं तिला."

नॅडीनने पुन्हा तेच पान उघडलं. गॅरी, गेल, ग्लेना. ग्लेना टॅकेट, वादी. रॉयस टॅकेट, प्रतिवादी. तिचं बोट या ओळीवरून तीनदा गेलं होतं.

तिने दाव्याचा क्रमांक, वर्ष, दोन्ही नावं आणि खाली स्वतःचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. लोरीनने चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"हे कागद सगळ्यांना खुले आहेत. कारण विचारायचा मला अधिकार नाही," ती म्हणाली. "विचारावंसं वाटतं, ती गोष्ट निराळी." आणि ती तळघराचा जिना उतरून गेली.

नॅडीन खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. दर वर्षी ऑक्टोबरच्या एका शनिवारी रॉयस गाडीभर सरपण घेऊन ग्लेनाच्या घरी जात असे. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात नॅडीनने विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "कोर्टाचा हुकूम आहे. कागदात लिहिलंय. मी काय करू?" हुकूम म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. एकोणीस वर्षं ती बोलली नव्हती. तो सरपण टाकायला इस्त्रीचा शर्ट घालून जातो, हे तिने पाहिलं होतं. परत येतो तेव्हा जेवायला भूक नसते, हेही पाहिलं होतं. गाडीच्या मैलांचा आकडा जाण्याआधी आणि आल्यावर बघायची सवय तिला कधी लागली, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी तो परसात लाकडं निवडत होता. हिकरीचे ढलपे एका बाजूला, पॉप्लरचे दुसऱ्या. हिकरी रात्रभर जळते. पॉप्लर कागदासारखा भडकतो आणि संपतो.

"हिकरी कुणासाठी?" तिने विचारलं होतं.

"तिकडे द्यायला. वाळलेलं सरपण द्यायचं असं लिहिलंय कागदात."

"पॉप्लरही वाळलेलाच आहे."

पुढचा ढलपा उचलून त्याने उजेडात फिरवून पाहिला आणि हिकरीच्या बाजूला ठेवला. त्या रात्री त्यांच्या चुलीत पॉप्लर जळला. सोमवारी नॅडीनने गुरुवारच्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

लोरीन धापा टाकत वर आली. "पेन नाही, पेन्सिल चालेल. कागदांचा क्रम बदलायचा नाही. आणि मला दिसेल असं बसायचं. माझा विश्वास आहे, पण दार माझ्या डोळ्यांसमोर हवं."

निकालपत्र चार पानांचं होतं. घर ग्लेनाला, ट्रक आणि करवत रॉयसला. सातवं कलम नॅडीनने दोनदा वाचलं. वादी सदर घरात राहत आहे तोवर प्रतिवादीने दर वर्षी थंडीपूर्वी एक गाडीभर वाळलेलं सरपण तिच्या घरी पोचवावं.

तो खरं बोलत होता. नॅडीनचे खांदे सैल झाले. इथेच फाइल मिटली असती, तर ती चार वाजेपर्यंत घरी पोचली असती. पण खाली आणखी तीन कागद होते, आणि उरलेलं न वाचता फाइल मिटणं तिला जमणारं नव्हतं.

पहिला ग्लेनाचा अर्ज. सप्टेंबर १९९९. 'घर गरम ठेवायला गॅसची भट्टी बसवली आहे. सरपणाची गरज नाही. प्रतिवादीला या बंधनातून मोकळं करावं.'

दुसरा हाताने लिहिलेला होता. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. वाणसामानाच्या यादीत ते रोज दिसे, उजवीकडे कललेलं. 'माझी या अर्जाला हरकत आहे. मला तिथे जायला दुसरं काही कारण उरलेलं नाही. हुकूम आहे तसा ठेवावा.' खाली सही. सहीखाली एक ओळ: या कागदाची प्रत वादीला चार ऑक्टोबरला टपालाने पाठवली आहे.

नॅडीनने मनात हिशेब केला. तिच्या आणि रॉयसच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं आणि चार महिने झाले होते. त्या ऑक्टोबरात दोघांनी स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला होता. कुठला रंग, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, तुला आवडेल तो.

तिसऱ्या कागदावर न्यायाधीशांच्या दोन ओळी होत्या. 'पंधरा ऑक्टोबर. प्रतिवादी हजर. वादी गैरहजर, सबब अर्ज फेटाळला.'

ती बराच वेळ त्या दोन तारखांकडे पाहत राहिली. चार आणि पंधरा. गावातल्या गावात टपालाला एक दिवस. उरलेले दहा दिवस तो कागद ग्लेनाच्या घरात होता.

"ग्लेना टॅकेट कुठे राहते?" तिने विचारलं.

"तुमच्या मागेच." लोरीनने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. "गिरणीच्या कोपऱ्यावरचं पांढरं घर. चालत चार मिनिटं. माझ्या पायांनी सहा."

नॅडीनने मागे वळून पाहिलं नाही.

"सरपणाच्या राशी बघा नुसत्या," लोरीन बोलत राहिली. कागदाकडे न बघता तिला सगळं ठाऊक असावं. "खिडकीला टेकल्यात. आणि घरात गॅस! चर्चच्या शेकोटीला मी चार ढलपे मागितले, तर म्हणाली, नाही गं, मोजलेले आहेत. मोजलेले! खालच्या ढलप्यांना कुत्र्याची छत्री उगवली आहे."

"हा हुकूम रद्द करून घ्यायचा असेल तर?"

"छापील अर्ज मिळतो. एका पानाचा. इथेच भरायचा, इथेच द्यायचा."

"कुणी करायचा?"

"वादीनं. नाहीतर प्रतिवादीनं."

"आणि मी केला तर?"

लोरीनने केसांतला चष्मा काढला, पुसला आणि परत केसांत खोचला.

"अगं, तू या दाव्यात नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली.

नॅडीनने मान हलवली. तिन्ही कागद तिने होते त्याच क्रमाने ठेवले आणि कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

"नक्कल हवी आहे," ती म्हणाली.

"साधी की शिक्क्याची? शिक्क्याची कुणाला दाखवायची असेल तरच लागते."

"शिक्क्याची. फक्त निकालपत्राची."

"आणि हे तीन?"

"ते असू देत इथेच."

लोरीनने निकालपत्र उचललं. आतल्या खोलीत यंत्राचा आवाज झाला, मग शिक्क्याच्या दांड्याचा. नॅडीनने तोवर कोट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

शनिवारी सकाळी रॉयस गाडी भरून आत आला. अंगात निळा इस्त्रीचा शर्ट होता. टेबलावर कॉफीच्या पेल्याशेजारी कागद होता, सातव्या कलमाचं पान वर.

"हे काय?"

"काउंटीच्या दफ्तरातून आणलं. पाहायचं होतं."

त्याने ते उभ्यानेच वाचलं. वाचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त लागला.

"मी म्हटलं होतं ना," तो म्हणाला. "लिहिलंय."

"हो. लिहिलंय."

"एवढंच होतं?"

नॅडीन पेला विसळत होती. नळ चालू होता. "अजून काय असणार होतं?"

त्याने चारही पानं पुन्हा एकदा मोजली. मग शेवटचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. तो ती वाचत असल्यासारखा उभा राहिला, आणि बाहेर गाडी तशीच चालू होती.