पंगतीतून उठलो

राजानंदच्या आईच्या, चांगुणामावशीच्या अंत्ययात्रेला मी गेलो नाही, ही गोष्ट आठवड्याभरात गावभर झाली होती. खरं तर मी गेलो होतो. त्यांच्या वस्तीच्या वळणापर्यंत पोचलो, समोर पांढऱ्या कपड्यांतली शंभरेक माणसं दिसली आणि छातीत घण पडायला लागले. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड. आता मरतोच, असं वाटलं. मोटरसायकल वळवली आणि घरी येऊन न्हाणीत दार लावून बसलो.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, याला पॅनिक अटॅक म्हणतात. गोळ्याही चालू आहेत. पण आमच्या गावात त्यांना 'येड्यांचा डॉक्टर' म्हणतात, त्यामुळे हे फक्त माझ्या बायकोला, दैवशालाला माहीत. मी तीर्थपुरीच्या शाळेत गणित शिकवतो. साठ पोरांसमोर तासन् तास बोलतो, काही होत नाही. पाच मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली की संपलंच. सर गोळ्या खातात हे पोरांच्या बापांना कळलं तर बघायलाच नको.

गावानं मात्र दुसराच अर्थ काढला. राजानंद माझा लहानपणापासूनचा मित्र; तो बौद्ध, मी मराठा. चांगुणामावशीच्या अंगणात खेळून मोठा झाला आणि ऐन वेळी जात दाखवली, असं लोक बोलू लागले. मला लोकांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"पुण्यानुमोदनाच्या जेवणाला तरी जावा," दैवशाला म्हणाली. "अन् राजाभाऊला खरं काय ते सांगून टाका."

गेलो. वंदना चालू होती तोवर मंडपाच्या अगदी कडेला उभा होतो, पळायला सोपं म्हणून. मग पंगत बसायला लागली. राजानंदचे चुलते साहेबराव यांनी माझा दंडच धरला.

"सर, तिकडं कुठं? इथं मधी बसा. त्या दिवशी काही दिसले न्हाई तुम्ही."

हसत म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

बसलो. दोन्ही बाजूंना माणसं, समोरच्या रांगेत दहा-बारा जण. पत्रावळीत पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी आली. राजानंद स्वतः वरण वाढत होता. माझ्यापुढे आला, वाढलं आणि पुढच्या पत्रावळीकडे वळला.

पहिला घास तोंडात घातला आणि घसा बंद. गिळताच येईना. मनातल्या मनात एकोणीसचा पाढा म्हणायला लागलो. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न... पुढचं आठवेना. हात थरथरायला लागला तसा मांडीखाली दाबून धरला. समोरच्यांची नजर माझ्या पत्रावळीवर होती. मी खातो की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. उठलो तर ते म्हणतात तेच खरं ठरणार. बसून राहिलो तर तिथंच आडवा होणार.

उठलो. पत्रावळ मात्र दोन्ही हातांनी उचलून घेतली.

"बघा. म्हणलं न्हवतं?" मागून साहेबरावांचा आवाज आला.

सरळ राजानंदच्या घरात शिरलो. चुलीपाशी कोणी नव्हतं. भिंतीकडे तोंड करून बसलो. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग कसाबसा एक घास गिळला.

राजानंद आत आला. वरणाची बादली त्याच्या हातातच होती.

"आजबी इथंच का?"

"राजा, मला बाहेर खाता येत न्हाई," मी म्हणालो. "माणसं बघायला लागली की श्वास कोंडतो. त्या दिवशी मी आल्तो, पण वळणावरून माघारी गेलो. जालन्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत."

त्यानं बादली खाली ठेवली.

"कधीपासून हाये हे?"

"दहावीपासून. म्हणून तर इथं चुलीपाशी येऊन जेवायचो. मावशीनं कधी विचारलं न्हाई."

राजानंद चुलीपाशी टेकला.

"आई म्हणायची, बद्रीला आतच वाढ. आपल्यात जेवतो हे कोनी पाह्यलं तर घरी मार खाईल लेकरू. आम्ही तसंच समजून राह्यलो, बद्री. मला वाटायचं, लपून का होईना, येतो ना."

वीस-बावीस वर्षं हे घर मला तसाच समजत आलं होतं. जातीला भिऊन लपून खाणारा. आणि तरीही मावशीनं दर वेळी गरम भाकरीच वाढली होती. आता तिला खरं सांगायची सोय राहिली नव्हती. मी रडलो. राजानंदही रडला.

"बाहेर चल म्हणत न्हाई," डोळे पुसत तो म्हणाला. "इथंच खा निवांत."

"न्हाई. चल."

मी पत्रावळ घेऊन मंडपात आलो आणि साहेबरावांच्या समोरच बसलो. छाती पुन्हा धडधडायला लागली. हात इतका थरथरत होता की वरण शर्टावर सांडलं. साहेबराव बघत होते, अख्खी रांग बघत होती. मी हात लपवला नाही. घास चावत राहिलो, चावत राहिलो, आणि शेवटी तो खाली उतरला.

"राजा," मी हाक मारली. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आनखी एक पुरी वाढ."