नात्याचा रकाना

वृद्धाश्रमाच्या डेटाबेसमध्ये ‘जवळची व्यक्ती’ म्हणून कुणाचंही नाव आणि फोनच्या जागी नुसती शून्यं पाहिली, आणि माझं डोकंच फिरलं. उद्या कुणी पडलंझडलं तर काय शून्याला फोन लावणार? मी बाहेरून कामाला येणारी; पण वाद घालत बसले नाही, थेट डेटाबेसलाच नियम घातला. खरा फोन हवा, आणि नातं यादीतलंच हवं. यादीतून ‘इतर’ मी काढूनच टाकलं. आळशी लोकांनी सख्ख्या बायकोलाही ‘इतर’मध्ये ढकललं होतं.

पण डेटाबेस माझ्याहून खमक्या. एक जरी जुनी नोंद नियमात बसत नसली, तरी तो नियम घेतच नाही. मॅनेजरबाईंनी फोन करकरून सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. एकच अडली, घड्याळवाल्या आजोबांची.

“त्यांना कुणीच नाही गं,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आणि डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय. हॉस्पिटलला बाहेरचं, हाकेला धावून येणारं माणूस हवंय, आश्रमातलं चालत नाही. नाहीतर तारीख रद्द. तेवढं ‘इतर’ परत घाल ना!”

“अजिबात नाही,” मी फणकारले. “इतर कोण धावून येणारे?”

तरी पाय आजोबांच्या खोलीकडेच वळले. ते खिडकीशी बसून एक जुनं घड्याळ कानाला लावून ऐकत होते. दिसत नव्हतं, म्हणून दुरुस्ती कानानं चालली होती. तारीख रद्द झाली तर हे माणूस कायमचं अंधारात बसणार.

“आजोबा, तुमची जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव घालू?”

“तू? तू तर सारखी खेकसत असतेस.”

“खेकसेन, पण फोन उचलेन.”

त्यांनी घड्याळ कानापासून खाली घेतलं. नाही म्हणाले तर, या भीतीनं माझाच जीव खालीवर.

“नातं काय लिहिशील?”

“नात.”

“अगं, माझं लग्नच झालं नाही!”

“ते डेटाबेस तपासत नाही.”

“मग तुझा नियम कच्चाच की,” ते म्हणाले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

मी नोंद भरली. नियम निमूटपणे लागला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. “घड्याळवाल्या आजोबांची नात ना? लवकर या बाई. पट्टी काढायचीय, पण ते हात लावू देत नाहीत. म्हणतात, नातीला आजवर नुसतं ऐकलंय, आधी तिलाच बघणार.”

हातातलं काम टाकून मी धावत सुटले.

नर्सनं पट्टी सोडली. आजोबांनी डोळे मिचकावले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ऐटीत तिला म्हणाले, “बघा, माझ्यावरच गेलीय.”