बदलीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. बिजागरी कुरकुरते, कडी लागत नाही. दमले आता. पण भंगार म्हणाल तर जीभ आवरा! मी जितक्या गावचं पाणी प्यायले तितकी गावं तुम्ही ऐकलीही नसतील.

उत्तरेकडे, निशातगंजच्या दुकानात माझा पत्रा ठोकला, तेव्हा चंद्रप्रभाबाई नवी नवरी होत्या. यजमान दीनानाथराव रेल्वेत इंजिनियर. सारख्या बदल्या. भांडी, रजया, देवसुद्धा माझ्या पोटात बसून फिरले. नव्या क्वार्टरात सामान उपसलं की मला भिंतीशी लावायचं, वर गादी, गादीवर चादर. झाला दिवाण! पाहुणे म्हणायचे, "वा, काय ऐसपैस बैठक!" खाली पत्रा आहे हे कुणाला कळलं नाही.

यजमान रिटायर झाले, विकासनगरात स्वतःचं घर झालं. तरी माझी जागा खिडकीखालीच. माझ्यावर बसून बाई भाजी निवडत आणि घरभर हुकूम सोडत.

बाईंची धाकटी जाऊ नीलम त्याच शहरात, अमौसीला सरकारी क्वार्टरात राहायची. तिचा नवरा हणमंत एअरफोर्समध्ये. पंच्याण्णव सालच्या दिवाळीआधी दोघी जावांनी ठरवलं, तू माझी बैठक सजव, मी तुझी सजवते. अट एकच. नावं ठेवायची नाहीत.

आधी बाई अमौसीला जाऊन आल्या. माझ्यावर बसून यजमानांना सांगू लागल्या, "काय ते बोडकं घर! भिंतीत खिळे ठोकून फोटो लावले, फळ्या लावल्या. नीलमच्या तोंडून शब्द फुटेना आनंदानं!"

मग नीलम इकडे आली. पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, वेताचा सोफा. माझी रवानगी मागच्या व्हरांड्यात. सकाळी कबाडीवाल्याला बोलावलंय, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. इतकी वर्षं ओझं वाहिलं, त्याचं हे बक्षीस!

खोली बघायला बाई आत आल्या. सवयीनं खिडकीखाली बसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. तिथे कुंडी होती.

"छान," म्हणाल्या. आवाज रिकाम्या पेटीसारखा.

सकाळी हातगाडी आली. बाई चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आल्या आणि माझ्यावर बसल्या.

"अम्मा, ज़रा उठिए तो उठा लें।"

"चाय पीने दो, भैया।"

कप केव्हाच रिकामा झाला होता. भैया उभाच.

रात्री मुक्कामाला राहिलेली नीलम बाहेर आली. "अहो जाऊबाई, काय करायचीय ही ब्याद? मला पेटी दिसली की हात सामान आवरायला धावतात. वाटतं, आली बदली."

"आणि मला ही दिसली नाही की वाटतं, माझीच बदली झाली. माझ्याच घरातून."

नीलम जवळ आली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? तुमच्या खिळ्यांनी मला झोप नाही. क्वार्टर सोडताना एकूण एक भोक बुजवून द्यावं लागतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, बये?"

"अट होती ना!"

"चुलीत घाल ती अट. भैया, पेटी नहीं, रद्दी ले जाओ।"

मी परत खिडकीखाली आले. पाहुणे सोफ्यावर बसतात, बाई माझ्यावर. बिजागरी अजून कुरकुरतेच. दमलेल्या अंगावर ओळखीचं वजन असलं की बरं वाटतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. दुसऱ्याचं घर हौसेनं सजवा. पण तिथली जुनी वस्तू उचलण्याआधी एवढं विचारा, हिच्यावर कोण बसतं?