काचेतली होडी

"होडी बाहेर जाणारी हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," टिलसन पाद्री म्हणाले आणि युनिटेरियन चर्चच्या तळघरात भराभर हात वर झाले. एकतीस! अल्मीरा पर्किन्सने कॉफीच्या कपावरून नजर काढली नाही.

तिचा नवरा इरा दोन वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेला. देहही हाती लागला नाही. त्याच्या स्मरणार्थ चर्चला रंगीत काचेची खिडकी बसवायची होती. क्रूस नको, देवदूत नको, यावर एकमत कधीच झालं होतं. खिडकीच्या नमुन्यात होडीला शीड दाखवलं होतं. इराच्या होडीला डिझेलचं इंजिन होतं, पण तेही अल्मीराने सोडून दिलं. प्रश्न होता तो दिशेचा: होडी किनाऱ्यावरच्या दीपगृहाकडे परतणारी की तिथून समुद्रात बाहेर जाणारी.

"दीपगृह म्हणजे विवेक," पाद्री समजुतीने म्हणाले. "मोकळा समुद्र म्हणजे सत्याचा शोध. होडी म्हणजे मुक्त आत्मा."

"होडी म्हणजे इरा," अल्मीरा म्हणाली. "तो घरी यायला हवा."

माणसं वाईट नव्हती. पण देवाचं काय ते ज्याने त्याने ठरवावं आणि बाकी सगळं हात वर करून, ही त्यांची रीत. वीस वर्षं हे हात अल्मीरानेच मोजले होते. 'मोजणी झाली, आता कुरकुर नको,' असं हरलेल्यांना तीच ठणकावून सांगायची. आता ती कोणत्या तोंडाने कुरकुरणार?

जिन्यात तिने नणंदेला गाठलं. "डॉर्कस, तूसुद्धा?"

"अगं, परत येणारी होडी बघून मला दर रविवारी रडू आलं असतं."

"मग रडायचं होतंस."

नोव्हेंबरात खिडकी बसली. सगळ्यांनी वाखाणली. अल्मीरासमोर मात्र दर रविवारी इरा दीपगृहाकडे पाठ करून निघून जात होता, आणि तिला गाणी म्हणावी लागत होती.

चर्चची देखभाल करणाऱ्या एल्डनला तिची दया आली. "मावशी, आतून होडी डावीकडे जाते ना? मग बाहेरून बघा. उलटी दिसेल!"

अल्मीराच्या जिवात जीव आला. डिसेंबरात चारलाच अंधारतं. एल्डनने आतले सगळे दिवे लावले आणि ती बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली.

होडी खरंच उजवीकडे वळली होती. पण दीपगृहही डावीकडे सरकलं होतं. होडीची पाठ अजून त्याच्याकडेच होती.

एल्डन हौसेने बाहेर आला. "काय मावशी, परतली की नाही?" मग त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे देवा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही नाही," अल्मीरा म्हणाली. एवढी शहाणी बाई, पण वेड्या आशेने बर्फात येऊन उभी राहिली होती. तिला स्वतःचीच कीव आली.

"गारठाल. चला, मी दिवे मालवतो."

"इतक्यात नको," ती म्हणाली. "अजून दिसतोय तो."